कान मिटायला शिकवणं

चाळीस दिवसांत एकसष्ट बॅटऱ्या मेल्या.
रफीकुलनं त्या बादलीत भरून आणल्या
आणि सडके कांदे परत करावेत तशा
माझ्या टेबलावर ओतल्या.
"बाजी, ही डबडी दिवसातून चारदा तोंड उघडतात.
मग थकतात कशानं?"

ऐकण्यानं, मी म्हटलं.

त्याला वाटलं, चेष्टा करतेय.
मग मीटर लावून दाखवला:
बोलताना वीस मिलिअँपिअर.
गप्प बसून कान देताना, तेही वीस.
कुणी हाक मारेल म्हणून उघडा ठेवलेला रेडिओ
रिकाम्या हवेची खरखर ऐकत
रात्रभर खर्चत असतो स्वतःला.
झोपला की मात्र काटा शून्याला टेकतो,
निदान टेकल्यासारखं करतो.

निझवाच्या कडेला हुमैद बिन सुवैलिमची बाग.
खलास, फर्द, खनैझी,
एकेका खजुराच्या मुळाशी माझं एकेक पांढरं डबडं,
ओल मोजत बसलेलं.
मोजणं सोपं.
कान मिटायला शिकवणं कठीण.
कधी मिटायचे ते सांगता येतं;
उघडायचे कधी, हे दोघांना एकदमच कळावं लागतं,
नाहीतर एक बोलतोय आणि दुसरा झोपलेला.
असं मी घरात पुष्कळ पाहिलंय,
पण ते जाऊ द्या.

फलजच्या पाटात पाय सोडून म्हातारा हुमैद ऐकत होता.
म्हणाला, यात नवं काय?
आमचं पाणी पाळीनंच येतं.
अर्ध्या तासाचा एक अथर,
दिवसा काठीच्या सावलीवर,
रात्री डोंगराआडून वर येणाऱ्या ताऱ्यावर.
माझा बाप पाण्यासाठी रात्रभर कधी जागला नाही.
ताऱ्याच्या जरा आधी उठायचा.

जरा म्हणजे किती?

"एक कॉफी होईल इतकं."

ते मी वहीत लिहून घेतलं.

कारण घड्याळं सरकतात.
सावलीतलं आणि उन्हातलं,
एकाच सकाळी जुळवलेली दोन डबडी;
पन्नास अंशांत आतला स्फटिक सुस्तावतो,
दिवसाला दोन सेकंद मागे पडतो.
कुंपणालगतचं सतरा नंबर तर
सगळा जुलै उशिरानं बोलत होतं,
आणि कुणीच जागं नव्हतं.

म्हणून आता ऐकायचं तासातून एकदा,
पापणी लवेल इतकंच.
पण ठरल्या वेळेच्या जरा आधी उठायचं
आणि जरा जास्त थांबायचं,
समोरच्याचं घड्याळ उन्हात असेल हे धरून.
भेट झाली की काटे पुन्हा जुळवायचे.
कोण चुकलं, ते विचारायचं नाही.

आज चौऱ्याण्णवावा दिवस.
रफीकुलनं बादलीत पुदिना लावलाय.
"बॅटऱ्या मेल्याच नाहीत, तर माझे तास कोण भरणार?"
याचं उत्तर मीटरमध्ये नाही.
हुमैदला सांगून त्याला झावळ्यांच्या छाटणीवर घेतलं,
सध्यापुरतं.
त्याचा फोन मात्र चोवीस तास छातीवर.
सुनामगंजहून बायको कधीही करते,
लाईट आली की, पूर ओसरला की, पोरगा रुसला की.
मी म्हटलं, एक वेळ ठरवून घ्या, झोप तरी लागेल.
हसला.
"बाजी, हे डबड्यांना सांगा."

साडेआठला मी गच्चीवर जाते.
इचलकरंजीत तेव्हा दहा.
अप्पा कानातलं मशीन दिवसभर डबीत ठेवतात,
सेल वाचावा म्हणून.
शेजाऱ्यांची हाक नको, टीव्ही नको, पाहुणे नकोत.
आज सतरा नंबरपाशी अडकले,
फोन लावायला बारा मिनिटं उशीर.
पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

"बोल," अप्पा म्हणाले,
"पटकन बोल, सेल उतरत आलाय."

मग पाऊण तास बोलत राहिले.